उणे अठरा, अधिक तेरा

रात्रपाळी सुटली की तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमधून
मी बाहेर पडते ती थेट उन्हाळ्यात.
गेटवर वॉचमन मफलर बांधून
शेकोटीत खोक्यांचे पुठ्ठे सारत असतो.
"तेरा डिग्री मॅडम, तेरा!"
असं सांगतो, जणू कुणी गेलंय.
मी जॅकेट काढून खांद्यावर टाकते.
आत उणे अठरा होतं.
मटारच्या पोत्यांची काही तक्रार नव्हती.

कॅमेरा रात्रभर लॉकरमध्ये,
लॉकर थंड खोलीच्या भिंतीला पाठ लावून.
म्हणून करावेच्या खाडीवर झाकण काढलं
की काच पांढरी.
पुसली की पुन्हा पांढरी.
पुसायची नसते, हे शिकायला तीन हिवाळे गेले.
पिशवीतच ठेवायचा, तोंड बांधून,
काचेची आणि हवेची आपसात ओळख होऊ द्यायची.
वीस मिनिटं लागतात.

त्याच वीस मिनिटांत
फ्लेमिंगो सगळं उरकून घेतात.
ओहोटीच्या चिखलात माना उलट्या घालून
खाडी गाळतात,
एकाच्या पायात दुसऱ्याचा पाय येतो, भांडतात,
मग बंधाऱ्यावर कुत्रं भुंकतं
आणि आख्खा थवा, पंखाआडचं लाल दाखवत,
पाम बीचच्या टॉवरांपर्यंत जाऊन वळतो.
शेजारी एक जण, त्याची लेन्स
माझ्या पगाराहून लांब,
खटखटखटखट.
"मिळाला का शॉट?"
"काच उठतेय अजून," मी म्हणते.

मग बॅटरी.
घरी तीन रेघा दाखवते, इथे एक, तीही लाल.
काढायची, काखेत धरायची.
चार पुरुषांत बाईनं असं काखेत हात घालून उभं राहणं,
त्याची थंडी निराळी.
पण स्वेटरच्या आत, पोत्यांनी रात्रभर ओढून
जी काही ऊब मागे ठेवली असेल
ती बॅटरी निमूट पिते.

परत घातली की कॅमेरा तारीख विचारतो.
सेकंडहँड आहे, आतलं घड्याळ केव्हाच थांबलंय.
एक जानेवारी दोन हजार नऊ,
असं स्वतःच सुचवतो.
आधी मी दुरुस्त करायचे.
हल्ली नुसतं ओके दाबते.
माझे सगळे पक्षी त्या एकाच दिवशी आले,
त्याच मध्यरात्री, लख्ख उजेडात.

दोन हजार नऊला मी आठवीत,
विक्रमगडच्या वसतिगृहात. दोघींत एक चादर.
सुगंधा खालवे माझी पावलं
पोटऱ्यांत घट्ट धरून झोपायची
आणि सकाळी म्हणायची, बर्फ आहेस तू, बर्फ.
आम्ही दोघींनीही तो पाहिला नव्हता.

आज बॅटरीनं एकाच फोटोचं कबूल केलं.
थवा लांब होता, धुरकट, पाण्यापलीकडे.
बंधाऱ्यावर हिरूबाय बसलेली,
कालवं काढून नुकती वर आलेली,
गुडघ्यापर्यंत चिखल, तोही वाळत चाललेला,
पाय बारदानात खुपसून.
मी खाली बसले. बारदान जरा सरकलं होतं,
एका अंगठ्याचं नख दिसत होतं.
"पायांचा फोटू कनला गो?"
मला उत्तर आलं नाही.
दाबलं.

कोपऱ्यातला दिवा लुकलुकला,
फोटो साठवतोय म्हणाला,
आणि साठवता साठवता पडदा काळा.

साठला की नाही, घरी गेल्यावर कळेल.
हिरूबायनं पाय आणखी आत ओढले.
थवा वळून अगदी जवळ, समोरच उतरला,
आणि शेजारची लेन्स पुन्हा खटखटायला लागली.
मी बघत राहिले,
हात काखेत.