बुधवार, गुरुवार

रविवार ते मंगळवार मी कॉलेजात असते.
तिथे समुद्र फळ्यावर असतो, दोन बाणांचा:
एक आत येणारा, एक बाहेर जाणारा,
मधे पडद्याची तुटक रेघ.
डॉक्टर झकिया म्हणतात, दाब वाढवा,
मीठ मागे ठेवून पाणी पलीकडे जातं.
मी लिहून घेते: दाब वाढवा.
साठ ते सत्तर बार.

बुधवारी पहाटे साडेपाचला
बरकाच्या चौकात कंपनीची बस.
पायात पोलादी टोकाचे बूट, एक नंबर मोठे,
पुढे कापूस कोंबलेला.
हिजाबवर हेल्मेट बसेना, तेव्हा
पट्टा कुठून सैल करायचा ते खमीसने दाखवलं.
तो पहिला धडा. अभ्यासक्रमात नव्हता.

साठ बार म्हणजे काय
ते पंपघरात आधी तळपायाला कळतं,
मग दाढांना.
कानात बोळे असूनही
बरगड्यांच्या आत कुणीतरी घरघरत राहतं.
फळ्यावरचा समुद्र असा कधी बोलला नाही.

माझी एक निळी नोंदवही आहे.
दिनांक, काम, तास,
'काय शिकलात' यासाठी दीड बोट जागा,
आणि शेवटी पात्र पर्यवेक्षकाची सही.
पहिल्या आठवड्यात लिहिलं: गाळणी धुतली.
दुसऱ्यात: गाळणी धुतली.
तिसऱ्यात काय शिकलात:
गाळणी का धुतात.
खमीस हसला आणि सही केली.

फेब्रुवारीत समुद्र तांबडा झाला.
शेवाळ. पोटं वर केलेले मासे,
वास थेट सूकमधल्या कापडांच्या ताग्यांत.
गाळण्या धुवाव्यात तर दहा मिनिटांत
पुन्हा मेंदी लावल्यासारख्या.
गुरुवारी तीन नंबरचा पंप वेगळा वाटला.
वेगळा म्हणजे कसा, सांगता येईना.
स्क्रीनवरचे आकडे सगळे हिरवे.
इंजिनिअर म्हणाले, रीडिंग ठीक आहे.

मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला.
टोक बेअरिंगपाशी, मूठ कानामागच्या हाडाला.
आठवीत होते तेव्हा दुकानाच्या मागे
कुणाच्या तरी एसीच्या कॉम्प्रेसरवर अब्बा म्हणाले होते,
"आयक. बेस असला तर पीठ दळल्यागत वाजतो.
बिघडला की पिठात खडा लागतो."
ते शिकले दाभोळच्या खाडीत, लाँचच्या इंजिनावर.
कुणाकडून, ते सांगत नाहीत.
बहुधा मार खाऊन.

खडा होता.

खमीसने ऐकलं.
मग इंजिनिअरांनी, वाकून, टाय पोटाशी धरून.
दुपारी पंप उघडला:
बेअरिंगच्या कड्यावर नखाएवढी भेग.

रात्री वही भरायला बसले.
काय शिकलात: काही नाही, हे मला येत होतं.
खोडलं.
बेअरिंगचा आवाज, असं लिहिलं. तास, चार.
कुणी शिकवलं, हा रकानाच नाही.

अब्बा जेवून उठत होते.
वही पुढे सरकवली, म्हटलं, इथे करा सही.
त्यांनी चष्मा शोधला. शेवटचा रकाना
बोट ठेवून वाचला, पुन्हा वाचला.
"क्वालिफाइड म्हणजे?"
"ज्याच्याकडे कागद आहे तो."
"मग तुझ्या खमीसला दे."
वही परत आली तेव्हा तीन नंबरच्या पंपाशेजारी
अंगठ्याचा ठसा उठला होता, काळा, तेलकट.
साबणाला तेवीस वर्षं न जुमानणारं ते तेल.

बुधवारी खमीसने ठसा पाहिला.
विचारलं नाही काही.
सही केली जरा डावीकडे सरकून, छोटी,
शेजारी माणूस बसल्यावर आपण करतो तशी.

परीक्षेत आलं: पंपाच्या बिघाडाची प्राथमिक लक्षणे लिहा.
गुण चार.
मी लिहिलं कंपन, तापमान, दाबातले चढउतार.
खाली जागा उरली होती.
लिहिलं, पिठात खडा लागतो.

पेपर परत मिळाला.
त्या ओळीशेजारी डॉक्टर झकियांचं लाल प्रश्नचिन्ह,
आणि अर्धा गुण.