टिपणीसांचा कोट

नेरूळला, सेक्टर एकोणीसमध्ये,
आमच्या सोसायटीत बर्फाचा कोट एकच आहे.
बी विंगच्या टिपणीसांचा. माळ्यावर असतो,
डांबरगोळ्या घालून जुन्या पडद्यात गुंडाळलेला.
थंड देशात जाणाऱ्यानं आठवडाभर आधी सांगायचं.
भाडं नाही. फक्त परत देताना
खिशात तिथलं काहीतरी राहू द्यायचं
आणि कोट धुवायचा नाही.

यंदा जानेवारीत तो माझ्याकडे आला.
मी आणि माझी नणंद हेमांगी, चार दिवस, ऑस्लो.
“हीच वेळ सापडली का जायला?” सगळ्यांनी विचारलं.
हेमांगी म्हणायची, तिकीट स्वस्त होतं,
घरात आम्हीही स्वस्तच झालो होतो.

कोट मला घोट्यापर्यंत.
स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि नाकातले केस ताठ झाले.
थंडीला वास असतो हे तेव्हा कळलं,
कोऱ्या स्टीलच्या भांड्यासारखा.
सूर्य सव्वानऊला यायचा,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा दारातच उभा,
आत या म्हटलं तरी न येणारा.
ऑपेराच्या उतरत्या पांढऱ्या छपरावर
लोक चालत चढत होते, आम्ही बसून बसून चढलो.
वर पोचल्यावर खाडी दिसली.
ते तिला दुसरं काही म्हणतात. मी खाडीच म्हणणार,
मी तीस वर्षं खाडीकाठी राहते.

बनपावात वेलची!
पहिल्या घासाला हेमांगीनं डोळे मिटले
आणि म्हणाली, श्रीखंडाच्या घरी आलो गं.
मग ते तपकिरी चीज, सालपटासारखं किसलेलं,
ज्याचं नाव आम्हाला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.
चव मात्र ओळखीची,
दुधाच्या पातेल्याची खरवड,
जिच्यासाठी लहानपणी आम्ही भावंडं चमचे घेऊन भांडलो.

तिसऱ्या दिवशी, पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडी खोलीत
घामानं निथळत बसलेल्या अनोळखी बायकांमधून
हेमांगी उठली.
मे महिन्यातही गीझर लावणारी ही बाई
दार उघडून सरळ खाडीत.
तिची “आई गं!” पलीकडच्या काठापर्यंत गेली असेल.
वर आली तेव्हा टोमॅटोसारखी लाल,
आणि बायका टाळ्या वाजवत होत्या.
पुन्हा जाऊ का, तिनं मला विचारलं.
आयुष्यात पहिल्यांदा माझी परवानगी मागत होती
आणि उत्तराआधीच गेली.

साडेतीनला दिवेलागण.
पडदे नसलेल्या खिडक्यांत एकेक दिवा,
ट्राम निळ्या अंधारातून हळू, अगदी हळू.
आम्ही नुसत्या चालत राहिलो.
कुणाच्या पोळ्या राहिल्या नव्हत्या.

परत आले तो रविवार.
होल्डिंग पाँडच्या कडेनं लोक स्वेटर घालून फिरत होते,
बावीस अंशांत, कानटोप्यांसकट. हसले नाही.
कोट हातावर घेऊन बी विंगला गेले.

टिपणीसकाकांनी आधी खिसे तपासले.
भोकाचं नाणं निघालं. ठेवून घेतलं.
मग सांगितलं, न विचारता :
चौऱ्याण्णवची गोष्ट. तुर्भ्याच्या कंपनीतून
सहा आठवडे ट्रेनिंगला ऑस्लोलाच पाठवणार होते.
कोट आणला, व्हिसा आला,
आणि कंपनीला टाळं लागलं.
पुढे मुलांची शिक्षणं, मग गुडघे.

“फोटो नकोत,” मी मोबाईल काढला तसे म्हणाले,
“फोटो सगळेच दाखवतात.
बर्फावर पाय पडला की आवाज कसा होतो ते सांग.”

मला शब्द सापडेना.
करकर म्हटलं तर ती नव्या चपलेची,
कुरकुर म्हटलं तर ती आमची.
शेवटी त्यांच्याच स्वयंपाकघरात गेले,
कॉर्नफ्लॉवरचं पाकीट शोधलं,
त्यांच्या कानाजवळ धरून
अंगठ्यानं दाबलं, सावकाश. मग दुसऱ्या अंगठ्यानं.
डावं पाऊल. उजवं पाऊल.

पंखा दोनवर होता.
काकांनी हात वर करून तो बंद करायला सांगितला,
कोट मांडीवर ओढून घेतला,
आणि म्हणाले, “जरा भरभर चाल.
ट्राम चुकेल.”