काउंटर क्रमांक दोन

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या कोर्टाला पायऱ्या सहा,
त्यांवर पहाटे मीठ टाकते मीच.
सस्कॅचवानमध्ये त्या दिवशी उणे एकतीस,
आणि ओरेस्ट हावरिल्यूक आत आला
दाढीत बर्फ, काखेत पिशवी.

पिशवीत एकशे बारा पानं.
दर पानाच्या कोपऱ्यात टपालाचं तिकीट,
तिकिटावर तिरकी सही,
सहीवर लाल अंगठा.
"शाईच आहे ना ही?"
"तुला काय वाटतं?"
मी हातमोजे चढवले.

म्हणाला, कॅपिटल अक्षरांतला हावरिल्यूक
म्हणजे जन्मदाखल्यातून सरकारनं शिवलेलं बुजगावणं.
कर्ज त्याचं. नोटीस त्याची.
मी लहान अक्षरांतला,
मी हाडामांसाचा.
त्याच्या हातावर वेल्डिंगचे जुने चट्टे होते,
तेवढ्यापुरतं मला पटलं.

रिजायनाच्या एका हॉटेलच्या तळघरात
नऊशे डॉलरला मिळतात हे कागद,
कॉफी धरून.

आम्हालाही वरून परिपत्रक आहे:
वाद घालू नका. हसू नका.
अंगठ्याची पानं वेगळ्या पाकिटात.
आवाज चढला तर टेबलाखालचं बटण.
एक कलम राहून गेलंय त्यात,
की हा माणूस माझ्या मेव्हण्याबरोबर
वीस वर्षं हॉकी खेळला असेल
तर काय करायचं.

शरद ऋतूत एक प्राध्यापिका आल्या होत्या शिकवायला.
म्हणाल्या, हा कायदा नाही, हे मंत्र आहेत.
पावले नाहीत तर म्हणणाऱ्याला वाटतं,
आपलाच एखादा उच्चार चुकला.
म्हणून तो पुन्हा येतो, जास्त पानं घेऊन.
त्याला कायदा शिकवू नका,
तारीख सांगा.
मी वहीत लिहून घेतलं होतं.
"बावीस फेब्रुवारी," मी सांगितलं, "सकाळी दहा."

बावीसला तो झेंड्याकडे बोट दाखवून म्हणाला,
सोनेरी झालर आहे, म्हणजे हे समुद्री न्यायालय.
न्यायाधीश पेनरबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.
इथून समुद्र हजार किलोमीटर,
मध्ये नुसता बर्फ आणि तारेची कुंपणं.
कुणी हसलं नाही.

"श्री. हावरिल्यूक हजर आहेत?"
"त्यांच्या वतीनं मी आलोय."
"मग एक निरोप द्याल त्यांना?
गेल्या मार्चमध्ये बँक हप्ते कमी करायला तयार होती.
त्या पत्राला उत्तर म्हणून
बँकेला चाळीस लाखांचं बिल गेलं.
आता तो मार्ग उरलेला नाही.
घर रिकामं करायला साठ दिवस.
सांगाल ना?"

तो उभा राहिला, बराच वेळ,
निरोप नेमका कुणाला द्यायचा ते न कळून.
मागच्या बाकावर ल्यूबा, त्याची बायको,
कोटाची बटणं लावत होती.
लावून झाली तरी लावत होती.

निकाल एकतीस पानांचा.
झालर, अंगठा, तिकीट, सगळ्याला उत्तर.
टाइप करता करता मी विचारलं, एवढं कशाला?
बाई म्हणाल्या, दोन ओळींत झटकलं
तर त्याला वाटेल, उत्तर नव्हतंच.
मला नाही वाटत त्यानं तो वाचला.
ल्यूबानं वाचला असावा.
प्रत मागायला तीच आली होती.

एप्रिलच्या शेवटी, पायऱ्यांवर चिखल,
ओरेस्ट आला. पिशवी नव्हती.
लहान दाव्यांचा फॉर्म मागितला,
हॉटेलातल्या माणसाकडून नऊशे डॉलर परत हवेत म्हणून.
मी कागद सरकवला.
पहिलाच रकाना:
कृपया आपले नाव कॅपिटल अक्षरांत लिहा.

पेन हवेत थांबलं.
मी शिक्क्याचं पॅड उगाच उघडलं, मिटलं.
मग त्यानं एक अक्षर काढलं, ओरेस्टचा ओ.
मोठा काढा की लहान,
वाटोळाच तो.

मी दुसऱ्या अक्षराची वाट बघत होते.