शून्य वीस

महिन्याच्या वीस-बावीस तारखेला
सांगलीहून येतं संघाचं मासिक,
खाकी पट्टीत गुंडाळलेलं.
पट्टीवर माझं आडनाव चुकलेलं, हजारेचं हजरे.
दोनदा कळवलं. आता राहू दे.
पोस्टमन खालूनच ओरडतो, "हजरेबाई!"
आणि मी वरून, "हजर!"

आमचं वाचनालय ड वर्ग.
विट्यापासून अकरा किलोमीटर, ग्रामपंचायतीच्या डोक्यावरची खोली,
खुर्च्या सहा, त्यातली एक माझी.
निम्मे सभासद गलाईला पांगलेले :
कोइमतूर, कटक, सिलिगुडी.
पुस्तकंही त्यांच्याबरोबर जातात
आणि यात्रेला परततात
पानापानांत तेजाबाचा वास घेऊन.
संपत निकमनं एक नऊ वर्षांनी आणून दिलं.
दंडाचा हिशेब केला, आणि खोडला.
एवढं सोनं त्यानं दुसऱ्यांचंच गाळलं होतं.

मासिकात काय असतं?
अनुदानाचा दुसरा हप्ता (लवकरच),
वेतनश्रेणीचं निवेदन (दिले),
वाळवीवर कडुलिंब की कापूर,
अधिवेशनातले फेटे.
वाचायला कुणी मागत नाही.
पण वर्गीकरण म्हणजे वर्गीकरण :
ग्रंथालयांविषयीचं ते शून्य वीस.
त्या फळीवर दुसरं काहीच नाही.
पुस्तकं सांभाळणाऱ्यांवर
पुस्तक कोण लिहील?

या वेळी शेवटच्या पानावर,
लोखंडी कपाटांच्या जाहिरातीच्या वर, चार ओळी.
तातोबा मुळीक, ग्रंथपाल, लेंगरे.
अल्पशा आजाराने.
बत्तीस वर्षे सेवा.

एकदाच भेटले होते मी त्यांना,
मेळाव्यात, जेवणाच्या रांगेत.
पत्रावळ हातात धरून म्हणाले,
"मैद्याची खळ नको वापरू पोरी, झुरळं येतात.
साबुदाण्याची कर. पातळ. आणि घाई नको."
मग वरण आलं, रांग सरकली.
तेव्हापासून आमच्या फळ्यांवरचे
सगळे उसवलेले कणे
त्या एका वाक्यावर उभे आहेत.

चार ओळींत हे नव्हतं.
मी एक कोरं कार्ड काढलं.
लेखक : मुळीक, तातोबा.
शीर्षक : इथं पेन अडलं.
पृष्ठं : एक वाक्य.
प्रत : माझ्याकडे.
दाखल क्रमांक द्यावा म्हणून
रजिस्टर उघडलं,
तर त्याचंच पान सुटून हातात आलं.

उद्या संकष्टी.
घरी फोन लावला,
म्हटलं, साबुदाणा भिजत घालशील ना,
मूठभर जास्त घाल.