पगाराचे टॉवेल

शेठ म्हणाले, "नरसय्या, रोकड अडकलीय.
दुबईत, दिल्लीत की देवाकडे, ते कळेना.
या महिन्याला टॉवेल ने."
अठरा टॉवेल मोजून घेतले, पावतीवर सही केली,
आणि सायकलला दोरी बांधून
अशोक चौकातून पगार हाकत घरी आलो.

आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही पहाटे अडीचला, चोरासारखं.
आंघोळ आठवड्याला दीड,
आणि अंग पुसायला टॉवेल अठरा.
राजमणी विड्या वळता वळता म्हणाली,
"पुढच्या महिन्याला शेठकडं पाणी मागा."

कोपऱ्यावरच्या चनबसप्पांनी आधी
एका टॉवेलला दोन किलो ज्वारी दिली.
पुढच्या आठवड्यात एक.
त्याच्या पुढच्या आठवड्यात नुसतं पोत्याआड बोट दाखवलं:
तिथं अख्ख्या पेठेचा पगार रचलेला
आणि वरच्या थरावर मांजर व्यालेली.
"टॉवेल घसरलाय बे," ते म्हणाले,
बातम्यांत रुपया घसरतो, त्याच आवाजात.

माझ्या मागाला एक खोड आहे.
वीज गेली की काठाजवळचा ताणा तुटतो,
आणि मी अंधारात हाताला येईल तो धागा जोडतो.
त्या दिवशी हिरवा आला.
गुलाबी टॉवेल, काठाला बोटभर हिरवं.
शेठनं आईवरून शिवी दिली
आणि तो माझ्याच पगारात घातला.
मी तो चनबसप्पांना खपवला, पावशेर शेंगदाण्यांना.

मंगळवारी मंत्री आले, मंदी हटाव मेळाव्याला.
आम्हाला टेम्पोतून नेलं,
माणशी एक वडापाव, चटणी वेगळी मागायची नाही.
मंत्र्यांच्या गळ्यात हार, हारावर टॉवेल,
टॉवेलाच्या काठाला बोटभर हिरवं.
"कुठाय मंदी?" मंत्री म्हणाले,
"गळ्यागळ्यात सोलापूरचा माल आहे!"
टाळ्या वाजवायच्या होत्या. वाजवल्या.

संध्याकाळी पीएनं चाळीस सत्कार
नवी पेठेत निम्म्या दरात विकले.

गुरुवारी महागाईविरुद्ध रास्ता रोको झाला.
विरोधी पुढाऱ्याला पोलिसांनी उचललं, चहा पाजून सोडलं,
आणि बाहेर येताच कार्यकर्त्यांनी सत्कार केला.
गुलाबी. बोटभर हिरवं.
मग थकलेलं वीजबिल वसूल करायला आलेला साहेब,
मग दोन्ही पक्षांतून तिकीट न मिळालेले अण्णा,
मग मंदीवर पुस्तक लिहिणारे प्राध्यापक,
ते तर गळ्यातच विसरून रिक्षात बसले,
आयोजक मागे पळाला.

पेपरात आलं: टॉवेलची मागणी सहापट.
खरंच होतं की ते.
एकच टॉवेल, पण विकला गेला सहा वेळा,
आणि दर वेळी पावती नवी.
शेठनं कात्रण कारखान्यात चिकटवलं,
खाली खडूनं लिहिलं: उद्यापासून एकच पाळी.

मे महिन्यात माझं नाव पुकारलं, आदर्श कामगार.
मला वाटलं, आता तरी पाकीट.
व्यासपीठावर शेठच पुढे आले,
माझ्या गळ्यात काहीतरी घातलं, फोटोकडे बघून हसले.
मी फोटोकडे बघितलं नाही.
काठ चाचपत होतो.

"काय करलालाव?" राजमणीनं विचारलं,
"गळा आवळून घेलालाव की काय?"
तिनं टॉवेल ओढून घेतला, हिरवा धागा बघितला,
हसली नाही.
हंड्याच्या तळाचं तांब्याभर पाणी त्यावर ओतलं,
पिळला,
आणि विडीची पानं मऊ राहावीत म्हणून त्यात गुंडाळली.
"सात गळे फिरून आला," ती म्हणाली,
"भिजला आज."

तिला हजार विड्यांचे पैसे रोख मिळतात.
थोडे. पण रोख.
शेठला हे कुणी सांगू नका.