कुठं पडलासा, ते सांगा

उद्यमनगरात, लेथच्या खरखरीला लागून,
दिलावर शिकलगारांचं सायकलचं दुकान.
दारात लिंबू-मिरची नाही,
एक हेल्मेट टांगलंय, डावीकडं तडा गेलेलं.
‘ह्याचा मालक?’ मी भीत भीत विचारलं.
‘घरात. जेवत असंल आत्ता.
शनिवारी येतोय चहाला.’

मी पर्समधनं यादी काढली,
दोन रात्री जागून केलेली:
छातीचे ठोके मोजणारा पट्टा,
चढाचा कोन सांगणारी डबी,
मागनं कोण येतंय ते ओळखणारा लाल दिवा,
पाठीवरची पाण्याची पिशवी, नळीसकट,
आणि तीन पंप, ज्यांच्यातला फरक
मला अजून कळलेला नव्हता.
त्यांनी कागद उलटा करून गल्ल्यावर ठेवला,
वर चहाचा कप.
‘हे राहू द्या.
कुठं पडलासा, ते सांगा.’

‘कुशिरेच्या उतारावर पडलो,’ मी म्हणालो.
(आमच्यात बायकाही पडलोच म्हणतात.)
‘खडी होती. पुढचा ब्रेक दाबला.’
‘पुढचाच का?’
‘घाबरलो.’
घाबरण्यावर त्यांच्याकडं काही नव्हतं.
तळहातांसाठी हातमोजे काढले, ते पुरुषी मापाचे.
मग पोरांच्या खोक्यातनं दुसरी जोडी,
पाठीवर हिरवा डायनासोर.
अगदी बसली.

‘मग मसाईच्या पठारावर. पडलो नाही, अडकलो.
चेन तुटली.
जांभ्यावरनं ढकलत ढकलत म्हाळुंग्यापर्यंत आलो,
कुत्री सोबतीला.’
त्यांनी नखाएवढी कडी माझ्या हातावर ठेवली.
एवढीशी, की फुंकर मारली तर जाईल.
‘दोन घ्या.
एक तुमची, एक कुणाची तरी.’

‘अजून?’
अजून एकदा पडले होते मी, पण सायकलवर नव्हे,
ते काही सांगितलं नाही.
त्यांनी चष्म्यावरनं बघितलं,
ड्रॉवर ओढला,
आणि पितळेची घंटी काढली, जुन्या वळणाची.
‘बिनकामाची हाय. पण वाजवत जावा.
एकटं माणूस असलं की बरं पडतंय.’

रविवारी पठारावर धुकं असं
की हँडलच्या पुढं जग संपलेलं.
घंटी वाजवली. एक म्हैस बाजूला झाली,
मग दुसरी, मग त्यांच्यामागनं आवाज आला:
‘ओ! कोण हाय तिकडं?’
इचलकरंजीचा पोरगा, सम्मेद नाव.
माझी अख्खी यादी अंगावर घालून
दगडावर बसलेला.
पट्टा, डबी, दिवा, पिशवी, नळी.
चेन मातीत, साप मेल्यासारखी.
डबी इमानदारीनं दाखवत होती: वेग शून्य.
‘किती स्पीडची?’
‘नऊ.’
‘माझीपण.’
बोटं काळी झाली, डायनासोरही झाला काळा.
कडी बसल्याचा एक टक् आवाज येतो,
तो त्या धुक्यात आम्ही दोघांनी ऐकला
आणि उगीचच हसलो.

शिकलगारांना सांगायला गेलो
तेव्हा यादी तिथंच होती,
चहाची वर्तुळं एकात एक,
कुणीतरी मागं वायसरचा हिशेब केलेला.
हेल्मेट मात्र दारात नव्हतं.
मी काही विचारायच्या आत आतनं आवाज आला,
‘शनिवार हाय मॅडम,’
आणि एक माणूस बशीत चहा ओतताना दिसला,
मांडीवर हेल्मेट.
‘धूळ लई बसली होती,’ तो म्हणाला,
रुमालानं तडा पुसत.

डबी मी पुढच्या महिन्यात घेतलीच,
खोटं कशाला बोलू.
परवा जोतिबाच्या वळणावर
तिनं चौदा टक्के चढ दाखवला.
मांड्यांना ते आधीच कळलं होतं.