तपकिरी ठिपके

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदीवरून धुकं चढत येतं,
काचेला नाक लावून बघत राहतं.
आत मी मेणात बसवलेल्या मूत्रपिंडाचे काप काढते,
कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ.
श्वास रोखून. शिंक आली
तर माणूस उडून जाईल.

नमुना चारशे सतरा. पुरुष, वय बावन्न.
नाव आम्हाला कळवत नाहीत.
'रक्तदाब, जुना', एवढंच
घाईतल्या अक्षरात.

मला वाटायचं, दाब म्हणजे पाणी आणि नळ.
जोर वाढला की नळ झिजतो, सरळ हिशेब.
पण रंग चढवला की धमनीभोवती
दाटीवाटीने ठिपके उमटतात, तपकिरी,
कार्य उरकल्यावरही न हललेल्या पाहुण्यांसारखे.
आपल्याच पेशी. राखणीच्या.

पण यांना बोलावलं कुणी?
जखम नाही, जंतू नाही, साधा काटाही रुतलेला नाही.

फर्गस मॅकक्रिमन चहात बिस्कीट बुडवत म्हणाला,
ताणाखाली काही प्रथिनं जराशी वाकतात.
तीच, त्याच घरची. चेहरा तेवढा बदलतो,
आणि राखणदाराला ओळख पटत नाही.

म्हणजे तो घरच्याच माणसाकडे कागद मागतो, मी म्हणाले.

बिस्कीट तुटून चहात पडलं.
सतरा वर्षं झाली मला या देशात.
पुढचं त्याला समजावावं लागलं नाही.

पुढचं असं, की ते धुमसत ठेवतात,
मग धुमसून गेलेली जागा स्वतःच बुजवतात
निबर, पांढऱ्या व्रणाने.
व्रणातून काही गाळलं जात नाही.
मिठाने त्यांना आणखी चेव येतो म्हणे.

घरी यशोधन स्वयंपाकघरातल्या टेबलावर
दंडाला पट्टा गुंडाळून बसलेला.
यंत्र गुरगुरतं, सुस्कारा सोडतं.
एकशे अडुसष्ट. खाली एकशे दोन.
'मला काही होत नाही गं,' तो म्हणतो,
आणि तेच तर आहे, त्याला काही होत नाही.
लिंबाचं लोणचं मी कपड्यांच्या कपाटात लपवलं होतं.
बरणीत आज चमचा आहे.

भांडले नाही. कुणाशी भांडायचं?
त्याच्याशी, चमच्याशी,
की त्या इमानी, आंधळ्या पहाऱ्याशी
जो आत्ताही त्याच्या आत गस्त घालत असेल?

रात्री तो कुशीवर वळतो.
मी त्याच्या कमरेच्या वर, बरगडीखाली हात ठेवते.
ऊब लागते. बाहेरून काहीच कळत नाही.
आमच्या गावच्या चौकीत आजोबा म्हणायचे
तसं म्हणावंसं वाटतं, हलक्या आवाजात, कातडीला ओठ लावून:
सोडा साहेब. ओळखीचा आहे.
आपलाच आहे.

सकाळी सहाला गोळी.
गजर मी लावते.
बंद तो करतो.